लग्नचौक (वारली)

लग्नचौक : लग्नाच्या वेळी वारली घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचे चौकोनी विधिचित्र. पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी आणि शेजारच्या तालुक्यांत त्याची परंपरा आहे. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, ही त्यामागची श्रद्धा. म्हणून त्याला सजावट म्हणणे चूक ठरेल. तो लग्नाचाच एक विधी आहे.

कारवीच्या कुडाला शेण-मातीचा लेप देऊन त्यावर गेरू फिरवतात. तांदूळ वाटून पांढरा रंग करतात आणि बांबूच्या काडीचे टोक चावून कुंचला. चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकटीच्या काठाला नक्षीच्या पट्ट्या, आत सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे आणि मधोमध पालघट देवी. पालघट ही सुफलतेची देवता. लग्नाला तिची साक्ष लागते. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. भगताच्या, म्हणजे अंगात देव येणाऱ्या पाड्यावरच्या वैदूच्या, अंगात येईपर्यंत देवीचे चित्र कापडाने झाकलेले असते. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे गाणी म्हणणारी स्त्री. तिचे नाव आणि तेराव्या शतकातील महदंबेचे ‘धवळे’ एकाच शब्दकुळातले. लग्नगीताचा हा जुना शब्द वारली पाड्यांवर अजून वापरात आहे.

चौकाशिवाय लग्न नाही, या श्रद्धेचे मूळ शोधायचे तर रंगाच्या वाटीत पाहावे. वारल्यांचे जगणे पावसाच्या भातावर अवलंबून. धान्य ही कणसरी देवी, म्हणजे दाणा ही देवीचीच वस्तू. त्याच्या पिठाने काढलेली रेघ साधी रेघ राहत नाही. रोगाचे कारण सांगताना भगतही तांदळाचेच दाणे पाहतो. मात्र इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. चौकाच्या नियमाने कोणाचे वाईट होत नाही. त्याच दाण्यांवरून एखाद्या बाईला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवले, तर तिचे घर, गाव आणि कधी जीवही जातो. असे ठरवणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सरसकट ‘अंधश्रद्धा’ म्हटले की हा भेद पुसला जातो, आणि सरसकट ‘संस्कृती’ म्हटले तरीही.

चौकाचे वय किती, याला ठोस उत्तर नाही. हजारो वर्षांचे आकडे माहितीपत्रकांत छापले जातात, पण पिठाचा रंग कुडावर फार टिकत नाही आणि तो टिकवावा असे कोणाला वाटतही नसे. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवायची. भीमबेटकाच्या गुहाचित्रांशी साम्य दिसते ते आकृत्यांचे. तेवढ्यावरून वंशावळ लावता येत नाही.

१९७० नंतरच्या काही वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग आणले, आणि चित्र भिंतीवरून उतरले. तलासरी तालुक्यातील धामणगावात जन्मलेले व डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कळंबीपाड्यावर राहिलेले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) त्यातून पुढे आले. आईच्या मृत्यूनंतर लहानपणी त्यांचे बोलणे थांबले होते. ते धुळीत चित्रे काढून मनातले सांगत. लग्न असो-नसो, ते रोज चित्र काढू लागले. बायकांच्या विधीत पुरुषाचा हात आला आणि देवीच्या जागी मासेमारी, भातलावणी आणि तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच आला. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले.

बाजारात तारप्याचा नाच सर्वाधिक खपतो. साडी, चहाचा कप, रेल्वे स्थानकाची भिंत, कुठेही तो गोल फिरताना दिसतो. चौक त्या मानाने मागे पडला, कारण तो समजायला लग्न माहीत असावे लागते. कॅनव्हासला शेणाचा किंवा गेरूचा हात देण्याची पद्धत अनेक चित्रकारांनी ठेवली आहे. वरचा पांढरा रंग मात्र बहुधा बाटलीतला असतो, तांदळाचा नव्हे.