श्याम चालेल, श्यामा नको

यंदा दिवाळीत नात आली होती चार दिवस. बघावं तेव्हा झोपाळ्यावर मोबाइल घेऊन बसलेली. अंगठ्याने पानं सरकवतेय, मध्येच गालातल्या गालात हसतेय, एकदा तर चक्क डोळे पुसले. म्हटलं, काय गं, एवढं काय वाचतेस? तर म्हणाली, "मांगा आहे आजी." मला वाटलं हिला काहीतरी मागायचंय! मग तिने शेजारी बसवून घेतलं आणि दाखवलं. जपानी चित्रकथा. उजवीकडून डावीकडे वाचायची, उर्दूसारखी. पहिली दहा पानं मी उलटीच वाचली. मुलगा आधी उत्तर देतो आणि मुलगी मागून प्रश्न विचारते, असं का, तेच मला कळेना.

मालिकेचं नाव 'किमी नि तोदोके'. कारुहो शिइना नावाच्या बाईंनी लिहिलेली आणि काढलेलीही. २००५ ते २०१७ अशी मुलींच्या एका मासिकात चालली, पुस्तकरूपाने तिचे तीस भाग झाले. तीस! आणि गोष्ट काय, तर एक अबोल मुलगी, लांब काळे केस. नाव सावाको. पण ते भुताच्या सिनेमातल्या सादाकोसारखं ऐकू येतं म्हणून अख्खा वर्ग तिला बिचकून असतो. वर्गातला सगळ्यांचा लाडका मुलगा तेवढा तिच्याशी साधं, माणसासारखं बोलतो. झालं. खून नाही, मृत्युपत्र नाही, लहानपणी हरवलेला भाऊ नाही. वर्ग, पाऊस, घरी जायचा रस्ता, आणि बोलू की नको यात गेलेली पानंच्या पानं. सावाकोसारख्या मुली मी वर्गात किती पाहिल्या असतील! त्यामुळे मी त्यात अडकले हे कबूल करते.

मग नातीने विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं काही होतं का गं?"

होतं की. चित्रं नव्हती एवढंच. म्हणजे चित्रं होती, पण ती पोरांसाठी. चांदोबा होता, साठच्या दशकात इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ आला. आपल्यासारख्याच घरातलं रोजचं काही चित्रांतून बघायचं म्हटलं तर 'सकाळ'मधल्या चिंटूची १९९१ पर्यंत वाट बघावी लागली. जपानात माचिको हासेगावा या बाईंनी १९४६ सालीच 'साझाए-सान' ही वर्तमानपत्रातली चित्रमालिका सुरू केली होती, आणि ती १९७४ पर्यंत चालली. युद्धात हरलेला देश, रेशनच्या रांगा, आणि त्यात एका साध्या घरातली धांदरट मुलगी. आम्हाला मात्र घर आणि प्रेम दोन्ही अक्षरांतूनच वाचावं लागलं.

पण क्रमशः वाचायचा नाद आपल्याकडे तसा फार जुना. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने येऊ लागली. यमूने स्वतः सांगितलेली तिच्या घराची, सासरची, वैधव्याची हकीकत. बीएला आम्हाला ती सामाजिक कादंबरी म्हणून शिकवली, त्यात सुधारणावाद वगैरे शोधायला लावला. पण एकोणिसाव्या शतकातली एखादी बाई पुढच्या आठवड्याच्या अंकाची वाट बघत असेल ती काय सुधारणावादासाठी? यमूचं पुढे काय झालं, यासाठीच ना!

आता गंमत बघा. मुलीच्या तोंडून सांगितलेली ही गोष्ट लिहिली पुरुषाने. जपानातही तसंच. ओसामु तेझुका यांनी १९५३ साली मुलींच्या मासिकात राजकन्येची मोठी चित्रकथा सुरू केली. पुढे सत्तरच्या दशकात मोतो हागिओ, रियोको इकेदा अशा पंचविशीतल्या मुलींनी ते क्षेत्र पुरुषांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतलं. आपल्याकडे 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं आणि केवढा गहजब झाला! लिहिणारी बाई कोण, यावरच चर्चा. मालतीबाई बेडेकरांना आपलं खरं नाव झाकून ठेवावं लागलं. माझ्या तरुणपणी मात्र योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर अशी नावं राजरोस कव्हरवर असत. समीक्षकांनी त्यांना कधी दारात उभं केलं नाही. बायकांनी मात्र त्यांची पुस्तकं पानं सुटेपर्यंत वाचली.

आणि या सगळ्यांच्या आधी, आमच्या शाळेच्या वयात, चंद्रकांत काकोडकर.

जळगावात चांगली पुस्तकं व. वा. वाचनालयात मिळत, आणि काकोडकर मिळत गल्लीतल्या लायब्रीत. लायब्री म्हणजे काय, दहा बाय आठची खोली, पत्र्याचं कपाट, दिवसाला दहा पैसे. पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर शाईने फक्त नंबर. हे मी सांगितल्यावर नातीने तिथल्या तिथे शोधून दाखवलं की जपानातही पन्नासच्या दशकात अशीच हजारो दुकानं होती, भाड्याने मांगा देणारी. पोरं तिथेच बसून वाचत. आणि १९५५च्या सुमाराला तिथल्या आया आणि शिक्षकांनी वाईट पुस्तकं हटवायची मोठी मोहीम काढली. पुस्तकं गोळा केली, जाळलीही. शिक्षक इथूनतिथून सारखेच, मी म्हटलं. ती हसली. मी पुढे काही बोलले नाही.

आमच्या घरात पुस्तकांना बंदी नव्हती बरं का. साने गुरुजी तर घरातल्या माणसासारखे. ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली, तेव्हा खानदेशात त्यांचं पुस्तक नाही असं शिकलेलं घर विरळाच. 'श्यामची आई' वडील मोठ्याने वाचत आणि सगळे रडत. पण काकोडकरांची एक 'श्यामा' होती, तिचं नावसुद्धा काढायचं नाही. मोठ्या भावाने एकदा जेवताना "श्याम चालेल, श्यामा नको" असं म्हटलं आणि वडिलांनी ताटावरून उठवलं त्याला. आम्हाला कळेना, एका कान्याने एवढं काय बिघडतं?

काय बिघडत होतं ते मला कळलं आत्ता, नात दिवाळीहून गेल्यावर. तिने शोधायची युक्ती शिकवली आणि मी थेट सुप्रीम कोर्टाचा निकालच वाचत बसले! 'श्यामा' ही गोष्ट 'रंभा' मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात आली होती. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, असा विषय. कोणीतरी फिर्याद केली, अश्लीलतेचं कलम २९२ लागलं. मॅजिस्ट्रेटनी सोडून दिलं. पण हायकोर्टाने लेखक आणि प्रकाशक दोघांना दोषी धरलं, दंड प्रत्येकी २५ रुपये. पंचवीस रुपये आता हसू येण्यासारखे वाटतात, पण काकोडकर त्यासाठी दिल्लीपर्यंत लढले. आणि तेव्हा वारं काही त्यांच्या बाजूचं नव्हतं. १९६४ सालीच याच सुप्रीम कोर्टाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती. त्याच कादंबरीवर जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९५७ साली अनुवादक आणि प्रकाशकाला दोषी ठरवलं होतं.

तरी २५ ऑगस्ट १९६९ला काकोडकर सुटले. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेला निकाल आहे. गोष्ट वाङ्मय म्हणून फार उंच आहे असं काही त्यांनी म्हटलेलं नाही. पण समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत हे त्यांनी नोंदवलं, आणि असे प्रसंग वाचल्याने तरुण मुलं-मुली बिघडतीलच असं खात्रीने म्हणता येत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच १९६९मध्ये काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून काढलेला 'दो रास्ते' आला आणि घरची सगळी मंडळी, वडिलांसकट, तो बघून आली. वडिलांना मूळ लेखक कोण हे शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. असो.

एवढा निकाल वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही. त्याचं कारण असं.

१९७८ साली मी धुळ्यात एका शाळेत नववीला मराठी शिकवत होते. दुपारचा तास, बाहेर पाऊस. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर एक मुलगी खाली मान घालून बसलेली. भूगोलाच्या पुस्तकात दुसरं पुस्तक. मी हळूच मागून जाऊन ते काढून घेतलं. काकोडकरच. पहिलं पान गेलेलं, त्यामुळे नावसुद्धा कळत नव्हतं. त्या आधीच्याच आठवड्यात मुलांच्या रांगेत एकाकडे बाबूराव अर्नाळकरांचं रहस्यकथेचं पुस्तक सापडलं होतं. त्याला मी म्हटलं होतं, "खुनी कोण ते सुटीत शोध," आणि घंटा झाल्यावर परत दिलं होतं. वर्ग हसला होता. मीही.

हिचं पुस्तक मी मुख्याध्यापकांना दाखवलं. मला तेव्हा खरंच वाटलं की मी माझं काम करतेय. त्यांनी वडिलांना बोलावलं. शेतकरी माणूस, धोतराचा सोगा हातात धरून उभे. पुस्तकात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, वाचताही येत नव्हतं बहुतेक. मुलगी चोरून वाचत होती एवढंच त्यांना पुरलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आते साळा बंद." मी म्हटलं, अहो, असं करू नका, हुशार आहे ती. पण किती जोर लावला मी? एक वाक्य. दिवाळीनंतर ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं मुलींकडून कळलं.

तेव्हा सुप्रीम कोर्टाचा निकाल होऊन नऊ वर्षं झाली होती. शाळेत तो कोणालाच माहीत नव्हता, आणि माहीत असता तरी काय फरक पडला असता कोण जाणे. अर्नाळकर वाचणाऱ्या मुलाने पोलिसांना गुंगारा द्यायला शिकू नये अशी काळजी आम्हाला कधी वाटली नाही. मुलगी मात्र एकटी बसून, कोणाला न सांगता, कोणाच्या तरी मनातलं वाचतेय हेच आम्हाला सहन होत नव्हतं. अश्लील बिश्लील हे नंतर चिकटवलेलं.

आणि खरं सांगू? ते पुस्तक त्या रात्री मी घरी आणलं होतं. मुख्याध्यापकांनीच टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, "लायब्रीला परत करून टाका." मुलं झोपल्यावर कंदिलाशी बसून एका बैठकीत संपवलं. नायक गरीब, नायिका ऑफिसात टायपिस्ट, मध्ये एक गैरसमज, खूप सारा पाऊस, शेवटी लग्न. कोर्टाने वाचलं असतं तर पंचवीस पैसेही दंड केला नसता. दुसऱ्या दिवशी लायब्रीत गेले तर मालक म्हणाला, "बाई, आता हे कार्ड तुमच्या नावावर करू का?" चार दिवसांचे चाळीस पैसे मी भरले.

मी ते हातातून घेतलं तेव्हा तिने एक पान दुमडून ठेवलेलं होतं, तिथवर झालं होतं तिचं. गैरसमज नुकताच झाला होता. पुढची तीस-चाळीस पानं राहिली होती.