शेकरू आणि देवगांडूळ

शेकरू आणि देवगांडूळ हे दोघेही सह्याद्रीचे रहिवासी. मात्र एकाचे पूर्वज इथे फार आधीचे, दुसऱ्याचे नंतर आलेले. प्रवरेच्या खोऱ्यातील राजूरपासून हरिश्चंद्रगडाकडे चढत जाणाऱ्या डोंगरांत दगड आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या काळी भारताचा भूखंड आफ्रिकेपासून सुटून उत्तरेकडे सरकत होता आणि देवगांडुळाचे पूर्वज त्याच्यावरच होते. म्हणूनच आपल्याकडच्या काही देवगांडुळांचे जवळचे नातेवाईक आजही हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर सापडतात. पाय नाहीत, डोळे कातडीखाली झाकलेले, अंगावर वळ्या. पण हे गांडूळ नव्हे आणि सापही नव्हे, तो बेडकाच्या वर्गातला उभयचर आहे.

शेकरूचे कूळ उत्तरेकडचे. भारत आशियाला भिडल्यानंतरच खारींना इकडची वाट मोकळी झाली. उभयचरांमधला सॅलॅमँडरही उत्तरेकडचाच, पण तो पूर्व हिमालयात दार्जिलिंगच्या आसपास थांबला, सह्याद्रीपर्यंत पोहोचलाच नाही. इथल्या ओल्या मातीत उभयचरांची ती शेपटीवाली शाखा नाही, बिनपायाची आहे.

माणसाची नजर मात्र आधी शेकरूकडे गेली, आणि ते स्वाभाविकही होते. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, झाडावरून झाडावर लांब झेप, शेंड्यावर काटक्या-पानांची घरटी: जंगलात राहणाऱ्याला ते चुकणे शक्य नाही. जर्मन निसर्गवैज्ञानिक एर्क्सलेबेनने १७७७ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिले. पुढे दख्खनच्या प्राण्यांची यादी करणाऱ्या कर्नल साइक्सने १८३१ मध्ये घाटातल्या शेकरूला मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. ते आज उपजातीपुरते उरले आहे.

देवगांडूळ पावसाळ्यात दगडाखाली किंवा शेणखतात दिसते आणि साप समजून मारले जाते. अभ्यासही फार उशिरा झाला. अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ टेलर याने खंडाळ्याच्या जातीचे वर्णन १९६० मध्ये केले. आंबोलीची जात २००३ मध्ये आणि कोयना परिसरातली त्यानंतरच्या वर्षी नोंदली गेली. शेकरूच्या आणि या शेवटच्या दोन नोंदींमध्ये दोन शतकांहून अधिक अंतर आहे, आणि एवढ्या जुन्या रहिवाशाच्या बाबतीत ते खटकते.

शेकरू राज्यप्राणी झाला. त्याच्यासाठी भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झाले, तर राजूरलगतचे कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये. देवगांडुळाच्या नावाने अशी राखीव जागा नाही. मात्र जंगल राखले की त्याखालची ओल आणि पालापाचोळाही राखला जातो, आणि त्याला जगायला तेवढेच लागते.