पेसमेकर असताना मोबाईल कसा वापरावा?

पेसमेकर बसवल्यावर घरी जाताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, यांनी मोबाईल वापरला तर चालेल का?" चालेल. फक्त फोन आणि पेसमेकर यांच्यात किमान १५ सेंटीमीटर अंतर ठेवा.

अडचण कशामुळे येते?

पेसमेकर हृदयातील अतिशय सूक्ष्म विद्युत संकेत सतत टिपत असतो. फोनचा अँटेना रेडिओ लहरी सोडतो. फोन अगदी छातीला टेकलेला असेल, तर या लहरींमुळे संकेत ओळखण्यात गोंधळ होऊ शकतो. आताच्या पेसमेकरमध्ये यापासून संरक्षण असते, त्यामुळे असे क्वचितच घडते.

दुसरे कारण चुंबक. काही नव्या फोनमध्ये, फ्लिप कव्हरमध्ये आणि इअरबडच्या डबीत चुंबक असतात. चुंबक फार जवळ आला तर पेसमेकर ठरावीक गतीने चालू लागतो. शॉक देणारे आयसीडी यंत्र असेल, तर गरजेच्या वेळी शॉक देणे तात्पुरते थांबू शकते. चुंबक दूर नेल्यावर यंत्र सहसा पूर्ववत होते.

ही काळजी घ्या

• फोन शर्टाच्या खिशात किंवा गळ्यात अडकवून ठेवू नका. पँटच्या खिशात किंवा पिशवीत ठेवा.
• पेसमेकर डाव्या बाजूला असेल तर फोन उजव्या कानाला लावा. स्पीकर वापरलात तर आणखी चांगले.
• फोन छातीवर किंवा उशीखाली ठेवून झोपू नका.
• वायरलेस चार्जिंग चालू असताना ३० सेंटीमीटर अंतर ठेवा.

अँटेनाकडेही लक्ष द्या

रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन जास्त शक्तीने लहरी सोडतो. लिफ्टमध्ये किंवा तळघरात लांब बोलणे टाळा. धातूचे कव्हर आणि 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर अँटेनाला अडथळा करतात. त्यामुळे फोन उलट जास्त शक्ती वापरू शकतो. फोन पडून रेंज कमी झाली असेल, तर तो दुरुस्त करून घ्या.

कमी एसएआरचा फोन घेतला की झाले का?

नाही. शरीर किती लहरी शोषते, हे एसएआर सांगतो. भारतात त्याची मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. पेसमेकरसाठी मात्र अंतरच महत्त्वाचे.

डॉक्टरांना कधी भेटावे?

फोन जवळ असताना चक्कर आली किंवा छातीत धडधडले, तर लगेच फोन दूर करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली, शॉक बसला किंवा त्रास थांबत नसेल, तर वेळ न घालवता रुग्णालयात जा. पेसमेकरचे ओळखपत्र नेहमी सोबत ठेवा.