सिंहस्थातला गुरू आणि प्रकाशाचा वेग

गोदावरीच्या काठी वसलेल्या नाशिक क्षेत्राचा लौकिक ज्या एका ग्रहाच्या गतीशी शतकानुशतके निगडित झालेला आहे, तो ग्रह म्हणजे गुरू होय. तो सिंह राशीत आला की सिंहस्थ लागतो, रामकुंडावर वैष्णव आणि त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर शैव आखाड्यांची स्नाने होतात, तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत नवी नावे चढतात, आणि जुन्या घराण्यांत तेवढा काळ विवाहकार्ये वर्ज्य मानण्याची वहिवाट चालते. हे पर्व बारा वर्षांनी येते असे आपण म्हणतो. वस्तुतः गुरूची सूर्यप्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, म्हणजे बारा वर्षांना सुमारे पावणेदोन महिने कमी असल्यामुळे ही तूट फेरीगणिक साठत जाते आणि केव्हातरी एक सिंहस्थ अकराव्याच वर्षी येऊन उभा राहतो. १९८० नंतरचे पर्व १९९२ ची वाट न पाहता १९९१ च्या पावसाळ्यातच साजरे झाले, ते याच कारणाने.

एका फेरीत नगण्य वाटणारे अंतर अनेक फेऱ्यांनी दृष्टोत्पत्तीस येते, हे तत्त्व आपल्या पंचांगकर्त्यांना नवे नव्हते. गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वरून मांडलेले ग्रह तीनशे वर्षांत आकाशातल्या ग्रहांपासून इतके ढळले की कुलाबा वेधशाळेत तारुण्यात काम केलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांना १८६० साली ग्रहसाधनाची नवी कोष्टके प्रसिद्ध करावी लागली, आणि त्यांतूनच पुढे पटवर्धनी पंचांग निघाले.

प्रकाशाचा वेग मनुष्याच्या हाती प्रथम लागला तोही याच तत्त्वाने आणि याच ग्रहाच्या साहाय्याने. दोन माणसांनी दूरदूर उभे राहून कंदिलांची झाकणे उघडावीत आणि मधला काळ मोजावा, ही गॅलिलिओची सूचना सरळ होती. पण प्रकाशाच्या त्वरेपुढे मनुष्याचा हात फार मंद पडला. त्याच गॅलिलिओने १६१० साली गुरूचे चार चंद्र शोधले होते. त्यांतला सर्वांत आतला, आयो, दर ४२ तास २८ मिनिटांनी गुरूच्या छायेत शिरतो, म्हणजे आकाशात टांगलेले ते एक नियमित घड्याळच आहे. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने पाहिले की पृथ्वी गुरूकडे जात असता या चंद्राच्या चाळीस फेऱ्या लवकर पुऱ्या होतात, आणि दूर जात असता तितक्याच फेऱ्यांना अधिक वेळ लागतो. एका फेरीत पृथ्वी फार तर ४५ लाख किलोमीटर सरकते आणि पंधरा सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे आपल्या एका पळाहूनही कमी. पण चाळीस फेऱ्यांची बेरीज लपत नाही. ९ नोव्हेंबर १६७६ चे ग्रहण दहा मिनिटे उशिरा सुटेल हे त्याचे भाकीत खरे ठरले. त्या वेळी शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाला दोन वर्षे लोटली होती, आणि मोगली अंमलातल्या नाशिकाचे नाव दफ्तरी गुलशनाबाद असे लिहिले जात होते.

पृथ्वीची कक्षा आडवी ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे, म्हणजे एका घटिकेला थोडी कमी, लागतात असा रोमरचा अदमास होता. खरा आकडा १६ मिनिटे ३८ सेकंदांचा. त्याच्या मापावरून हायगेन्सने १६९० साली प्रसिद्ध केलेला वेग आजच्या परिमाणात सेकंदाला सुमारे २,२०,००० किलोमीटर भरतो. हा आकडा चतुर्थांशाने उणा असला, तरी प्रकाशालाही वेळ लागतो हे त्याने कायमचे सिद्ध केले. पुढे ब्रॅडले, फिझो, फुको यांनी माप उत्तरोत्तर शुद्ध केले. तो इतिहास सर्वश्रुत आहे.

येथे एका प्रवादाचा परामर्श घेतला पाहिजे. ऋग्वेदातील सूर्यसूक्तावरील भाष्यात सायणाचार्यांनी अर्ध्या निमिषात २,२०२ योजने अशी गती उद्धृत केली आहे, आणि तिच्यात प्रकाशाचा आधुनिक वेग पाहणारे पुष्कळ आहेत. आचार्यांविषयी पूर्ण आदर बाळगून म्हणावेसे वाटते की तेथे बोलणे सूर्याच्या संचाराचे आहे, योजनाचे मान ग्रंथागणिक पाच मैलांपासून नऊ मैलांपर्यंत बदलते, आणि कोणत्या वेधाने हे निघाले याचा निर्देश नाही. ज्या संख्येमागे वेध नाही तिला मापन म्हणता येत नाही.

नाशिककरांनी ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. पर्वस्नानाच्या दिवसांत सूर्यही सिंहेत असल्यामुळे गुरू त्याच्या तेजात अस्तंगत असतो, आणि त्याच वेळी तो पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत दूर असतो. २०१५ साली पहिले शाहीस्नान २९ ऑगस्टला झाले. गुरूची सूर्याशी युती त्याच्या तीनच दिवस आधी, २६ ऑगस्टला झाली होती. त्या दिवशी गुरूचा प्रकाश आपणापर्यंत यायला सुमारे ५३ मिनिटे लागत होती. पुढे ८ मार्च २०१६ रोजी, सिंहस्थ चालू असतानाच, गुरू सूर्यासमोर आला तेव्हा ३७ मिनिटे पुरत होती. प्रकाशाच्या वेगाचा सारा पुरावा एका सिंहस्थाच्या पोटात असा सामावलेला असतो.

आगामी सिंहस्थाचा गुरू मार्च २०२८ मध्ये सूर्यासमोर येईल. नाशिकच्या विज्ञानशिक्षकांना माझी विनंती आहे की लहानशी दुर्बीण व आकाशवाणीशी लावून घेतलेले घड्याळ एवढ्या सामग्रीवर त्यांनी आधीच्या डिसेंबरपासून आयोचे छायाप्रवेश आणि मार्चअखेरपासून जूनपर्यंत त्याचे छायामोक्ष विद्यार्थ्यांकडून टिपून घ्यावेत. आधीच्या चाळीस फेऱ्या व नंतरच्या चाळीस यांत चौदाएक मिनिटांचा फरक पडेल. त्याचे अर्ध, म्हणजे सात मिनिटे, हा साडेबारा कोटी किलोमीटर वाढलेल्या अंतराचा प्रकाशाने घेतलेला वेळ. भागाकार विद्यार्थ्यांनी स्वतः करावा.