पावशेर ते तीनशे तीस मिलिलिटर : कुलाबा (रायगड) जिल्ह्यातील मद्याचे माप आणि मोल

प्रस्तावना

मद्याच्या इतिहासाकडे आपल्या अभ्यासकांनी प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक सरकारी महसुलाची आणि दुसरी दारूबंदीच्या नैतिक चळवळीची. मद्य कोणत्या पात्रात भरले गेले, त्याचे माप कोणी ठरविले आणि त्या मापावर किंमत कशी बसली, हे प्रश्न किरकोळ समजून बाजूला राहिले. डेव्हिड हार्डिमन यांचा दक्षिण गुजरातेवरील निबंध (१९८५) आणि इंद्रा मुन्शी सलढाणा यांचा ठाणे जिल्ह्याच्या अनुषंगाने झालेला अभ्यास (१९९५) यांनी वसाहतकालीन अबकारी धोरणाचा आदिवासी जीवनावरील आघात स्पष्ट केला. प्रस्तुत निबंधात त्याच वाटेने थोडे पुढे जाऊन, ठाण्याला लागून असलेल्या कुलाबा जिल्ह्यात माप आणि बाटली यांचे काय झाले, याचा विचार केला आहे. अलीकडे शहरांत 'क्राफ्ट बीअर' म्हणून विकल्या जाणाऱ्या लहान बाटलीची व तिच्या चढ्या किमतीची बरीच चर्चा होते. ती चर्चा ऐकताना पेण आणि रोहा यांच्या दरम्यानचे कासू हे गाव डोळ्यांसमोर येते. त्याचे कारण पुढे येईलच.

मापाविना मद्य

कासूच्या एका अंगाला खारेपाटातील आगरी वस्ती, तर दुसऱ्या अंगाला डोंगरउतारावरील कातकरी व ठाकर वाड्या. मोहाची झाडे डोंगरात, ताडमाड सखल भागात. मोहाची फुले वेचावीत, वाळवावीत, भिजवून आंबवावीत आणि मडक्यांची भट्टी लावून दारू गाळावी, हा उद्योग घरगुती होता. लग्न, मर्तिक, देवाचा मान या प्रसंगी ती लागे. येथे माप नव्हते असे नाही. मडके, लोटा, वाटी ही मापेच होती. परंतु ती वाटपाची मापे होती. कोणाच्या वाट्याला किती, एवढेच त्यांवरून ठरे. पैशाचा संबंध आलाच तर तो अखेरीस येई.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ही रचना मोडली. ताडी-माडीसाठी प्रत्येक झाडावर कर बसला. गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोठ्या भट्ट्यांमध्ये उत्पादन एकवटण्याचे धोरण आले. उरण येथील पारशी मक्तेदारांच्या भट्ट्यांना त्यामुळे विलक्षण महत्त्व प्राप्त झाले. पुढे १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा या दोनच जिल्ह्यांना उद्देशून मोहाफुलांचा खास कायदा करण्यात आला. दारू तर दूरच, वाळलेली फुले घरात बाळगणे आणि त्यांची ने-आण करणे हेही निर्बंधाखाली आले. याच काळात उरणच्या भट्ट्यांसाठी मोहाची फुले पंचमहालांतून येत होती. डोंगरातले फूल वेचणारा कातकरी गुन्हेगार ठरावा आणि शेकडो मैलांवरून आलेल्या त्याच फुलाची दारू सरकारमान्य ठरावी, यातील विसंगती तत्कालीन अधिकाऱ्यांना दिसली नसेल असे मानणे कठीण आहे. विसंगती दिसूनही धोरण टिकले, कारण ते मोजता येत होते.

गॅलन, अंश आणि बाटली

अबकारी कर वसूल करावयाचा तर दोन गोष्टी निश्चित हव्यात, प्रमाण आणि तीव्रता. प्रमाणासाठी गॅलन आला, तर तीव्रतेसाठी 'प्रूफ'चा अंश. मुंबई इलाख्यात देशी दारू प्रामुख्याने प्रूफपेक्षा २५ अंश कमी आणि ६० अंश कमी अशा दोन प्रतींत विकली जाई. लंडन प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क. त्यातून पंचवीस टक्के वजा केले की ४२.८ टक्के उरतात. देशात तयार झालेल्या विदेशी मद्याच्या कोणत्याही बाटलीवरचे लेबल पाहावे, बहुधा हाच ४२.८ चा आकडा आढळेल. गॅलन गेला, इंग्रज गेले, अंशही कोणाच्या स्मरणात नाहीत. आकडा मात्र राहिला आहे.

बाटलीचेही तसेच. इंग्रजी व्यापारात 'क्वार्ट' म्हणून चालणारी बाटली प्रत्यक्षात गॅलनचा चौथा नव्हे, तर सहावा हिस्सा होती, म्हणजे सुमारे ७५७ मिलिलिटर. दशमान पद्धतीत तिची ७५० मिलिलिटर झाली. तिची निम्मी ३७५. परंतु तिची चौथाई मात्र १८७.५ न राहता १८० झाली. चौथाई म्हणून मागितलेल्या बाटलीत साडेसात मिलिलिटर कमी भरतात, ही बाब ग्राहकाच्या सहसा लक्षात येत नाही. बीअरची गोष्ट निराळी. तिची मोठी बाटली ६५० ची, बारा बाटल्यांची पेटी ७.८ लिटरची.

या सर्व आकड्यांपेक्षा बोलभाषेतील शब्द अधिक बोलके आहेत. शेर हे माप व्यवहारातून बाद होऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी 'पावशेर' आणि 'नवटाक' हे शब्द आज जवळजवळ केवळ दारूच्या संदर्भातच जिवंत आहेत. त्यांच्या शेजारी 'क्वार्टर', 'चपटी', 'खंबा' हे शब्द येऊन बसले. वर्गात वजनमापांचा इतिहास शिकविताना नवटाक म्हणजे शेराचा आठवा भाग असे सांगितले की मागच्या बाकांवर हसू फुटते, हा प्रस्तुत लेखकाचा दरवर्षीचा अनुभव आहे. तूप, तेल, दूध यांच्या बाजारातून जुने माप निघून गेले आणि फक्त गुत्त्यात उरले. ज्या माणसाची मिळकत रोजची आहे, तो महिन्याचे तेलही एकदम घेत नाही आणि दारूचा खंबाही घेत नाही. लहान माप ही त्याची सवय नसून त्याच्या खिशाची मर्यादा आहे.

बंदी आणि सीलबंद बाटली

मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ अन्वये बाटलीऐवजी परवाना हे माप झाले. वाड्यांवरील हातभट्टी थांबली नाही. ती केवळ अधिक लपली, आणि तिचा माल रबरी ट्यूबांमधून शहरांकडे जाऊ लागला. १९७३ च्या देशी दारू नियमांनंतर परवानाधारक दुकानातील सीलबंद बाटली गावोगाव पोहोचली. तिच्या बाजूनेही बोलले पाहिजे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉल मिसळलेला तो माल मोहाचा नव्हता, घरगुतीही नव्हता. तो मापाबाहेरचा बाजार होता. सीलबंद बाटली ही कराची पावती असते तशीच ती जिवाची हमीही असते.

तथापि किंमत ठरविण्याचा अधिकार पूर्णपणे राज्याकडे गेला. १० जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयात १८० मिलिलिटर हेच परिमाण धरून किमान विक्री किमती ठरविण्यात आल्या : देशी दारू ८० रुपये, धान्यापासून बनविलेले 'महाराष्ट्र मेड लिकर' १४८, देशात तयार झालेले विदेशी मद्य २०५ आणि उच्च प्रतीचे विदेशी मद्य ३६० रुपये. चौथाई बाटली ही राज्याच्या धोरणाची मोजपट्टी झाली, ती सर्वांत गरीब ग्राहकाचे माप असल्यामुळे.

'क्राफ्ट' या शब्दाची किंमत

२००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली. लहान प्रमाणावर, हाताने लक्ष घालून, स्थानिक चवीने बनविलेली बीअर, असे तिचे आकर्षण. ही बीअर बहुधा पाश्चरीकृत नसते. ती थंड ठेवावी लागते व लवकर संपवावी लागते. म्हणून आरंभी ती जेथे बने तेथेच पेल्यातून विकली जाई. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, 'ग्राउलर' नावाच्या मोठ्या बाटलीतून ती घरी नेण्यास मुभा मिळाली. दुसरीकडे २०१५ पासून 'बिरा ९१' सारख्या नाममुद्रांनी ३३० मिलिलिटरची लहान बाटली प्रतिष्ठित केली. ३३० म्हणजे ६५० च्या निम्म्याहून किंचित अधिक. परंतु काच, बूच, लेबल व त्याची नोंदणी, वाहतूक यांचा खर्च निम्म्यावर येत नाही. त्यामुळे दर मिलिलिटरमागे लहान बाटली महाग पडणे अपरिहार्य आहे. चपटी आणि ही छोटी बाटली, दोन्ही लहानच. एक लहान आहे कारण घेणाऱ्याजवळ पैसे कमी आहेत, दुसरी लहान आहे कारण घेणाऱ्याला चार चवी चाखावयाच्या आहेत.

पुण्याजवळ २०१८ पासून मधापासून मद्य बनविणाऱ्या एका परवानाधारक कंपनीचे नाव 'मूनशाईन' असे आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ चोरून गाळलेली दारू. कंपनीला हे नाव मिरविता येते. कासूजवळच्या वाडीवर मात्र ते गुन्ह्याचे नाव आहे. लहान प्रमाण, हातचे कौशल्य, परिसरातील कच्चा माल ही 'क्राफ्ट'ची तिन्ही लक्षणे मोहाच्या भट्टीला लागू पडतात. परवाना, बाटली आणि लेबल हे तेवढे तिच्याजवळ नाही. गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळवून देऊन हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये मोहाफुलांवरील निर्बंध सैल झाले आणि एप्रिल २०२२ मध्ये काजूबोंडे, मोहाफुले इत्यादींपासूनच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरले. डोंगरातील फुलाला 'विदेशी' म्हटल्याखेरीज प्रतिष्ठा मिळू नये, हा आपल्या वर्गीकरणाचाच दोष होय. शिवाय बाटली भरण्याचे यंत्र आणि परवान्याचे शुल्क वाडीच्या आवाक्यात नाही. तेव्हा फूल वेचणारा पूर्वीप्रमाणेच फुलाच्या भावावर राहील आणि बाटलीचा भाव दुसऱ्याकडे जाईल, ही शक्यता मोठी आहे.

या वाड्यांतील स्त्रियांचे म्हणणे विचारात घेतल्याखेरीज मोहाचे गुणगान करणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. २००८ च्या आदेशानुसार गावातील एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी मत दिल्यास परवानाधारक दुकान बंद करता येते. मतपत्रिकेवर चिन्हे दोनच : उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान हवे तर उभी, नको तर आडवी. गैरहजर राहणारी प्रत्येक स्त्री या हिशोबात नकळत उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आणि हातभट्टीला परवानाच नसल्याने, तिच्याविषयीचे मत या पत्रिकेवर नोंदविता येत नाही.