डाव्या बाजूचे प्रश्न

कादंबरीकार कथानक आधी रचतो की लिहिता लिहिता, या वादात पडण्यापूर्वी चार्ल्स डिकन्सची टाचणे पाहावीत, असे मला वाटते. 'डॉम्बी अँड सन'पासून (१८४६-४८) महिन्याच्या हप्त्यासाठी तो एक कागद मधोमध दुमडून घेई. उजवीकडे प्रकरणे आणि त्यांतले प्रसंग. डावीकडे स्वतःलाच विचारलेले प्रश्न. अमुक पात्र आत्ता आणायचे का? उत्तर : हो, नाही, किंवा अजून नाही. मला कुतूहल या डाव्या बाजूचे. हप्ता छापून गेला की मागचे खोडता येत नसे. तेव्हा बरेचसे पुनर्लेखन लिहिण्याआधीच, या अर्ध्या पानावर होई. ('करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने कादंबरी चालवणाऱ्या हरिभाऊ आपट्यांना ही अडचण पुरेपूर ठाऊक असणार.)

तरी बेत फसतच. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधली ठेंगणी मिस मॉचर वाईट निघायची होती. १८४९ च्या डिसेंबरात, तिच्यात स्वतःला ओळखून एका शेजारणीने तक्रार केली आणि डिकन्सने पुढे तिला भली केले. आधीची छापलेली मॉचर मात्र तशीच राहिली. सांधा आजही दिसतो.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा (१८६०-६१) शेवट छापण्याआधीच बदलता आला. मूळ शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या पिकॅडिलीत ओझरते भेटतात. तिने दुसरे लग्न केलेले असते. बुल्वर-लिटन या लेखकमित्राने आग्रह धरला आणि डिकन्सने दोघांच्या मीलनाची आशा वाटेल असा नवा शेवट लिहिला. जुना फॉर्स्टरने चरित्रात छापला म्हणून कळला. त्याला तोच कथेशी सुसंगत वाटे.

पिपच्या आशा एकेक करून मोडणाऱ्या कथानकाला जुना शेवट शोभतो, हे मलाही मान्य. पण नव्या शेवटातली भेट होते ती मिस हॅविशमच्या पाडून टाकलेल्या घराच्या जागेवर, उरलेल्या बागेत. म्हणजे पिपच्या वेडाची पहिली गाठ जिथे बसली तिथेच. पिकॅडिलीचा रस्ता कुठल्याही कादंबरीत खपला असता. मित्राच्या आग्रहाखातर केलेल्या बदलात डिकन्सने जागा मात्र अचूक हेरली, आणि या एका कारणासाठी मी नव्या शेवटाच्या बाजूने आहे.

१८६२ च्या आवृत्तीत त्याने शेवटच्या वाक्यातले शब्द पुन्हा फिरवले. ते दोघे पुढे एकत्र राहिले की नाही, हे त्या वाक्यावरून ठामपणे सांगता येत नाही.