विलंबाने आलेली बातमी

जुन्या वृत्तपत्रांच्या फायली चाळणाऱ्याला एक सवय जडलेली असते. घटनेची तारीख ठाऊक झाली की दुसऱ्या दिवशीचा अंक काढायचा आणि बातमी टिपून घ्यायची. ‘ऑडेशस’ या ब्रिटिश युद्धनौकेने मात्र मला चार वर्षांचे अंक उलटायला लावले.

इतिहासग्रंथांतून तिची हकीकत मिळते ती अशी. २७ ऑक्टोबर १९१४. पहिले महायुद्ध सुरू होऊन पुरते तीन महिनेही झाले नव्हते. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ तोफांच्या सरावासाठी निघालेली ही नौका सकाळी सुरुंगावर आदळली. एरवी उतारूंची ने-आण करणाऱ्या ‘बर्लिन’ या जर्मन बोटीने ते सुरुंग तेथे पेरून ठेवले होते. साडेतेरा इंची दहा तोफांची ही नौका जेमतेम वर्षभरापूर्वी बांधून पुरी झालेली. तिला ओढून बंदरात नेण्याची दिवसभर खटपट झाली. पण दोर टिकेनात. रात्री नऊच्या सुमारास मोठा स्फोट होऊन ती बुडाली. तिच्यावरची माणसे तोवर सुखरूप उतरवली होती. पण स्फोटात उडालेल्या एका तुकड्याने ‘लिव्हरपूल’ या दुसऱ्या नौकेवरचा एक नाविक मात्र प्राणास मुकला.

एवढी मोठी दुर्घटना! लंडनच्या ‘टाइम्स’चे जुने अंक आता संगणकाच्या पडद्यावर जसेच्या तसे पाहायला मिळतात. त्यात २८ तारखेचा अंक पाहिला, २९ चा पाहिला, पुढचेही पाहिले. फ्लँडर्समधील लढाईच्या बातम्या होत्या. ‘ऑडेशस’ बुडाल्याचे अक्षरही नव्हते.

या मौनामागे सेनापतीची विनंती होती. ब्रिटनच्या मुख्य आरमाराचे सेनापती अॅडमिरल जेलिको यांनी ही बातमी दडवावी असा आग्रह धरला. जर्मन आरमारावर ब्रिटिशांची आघाडी त्या वेळी थोड्याच नौकांची होती. त्यातली एक गेली हे शत्रूला कळू नये, हा हेतू. आरमारमंत्री चर्चिल यांनी ते मानले, मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि वृत्तपत्रेही गप्प राहिली.

पण ही नौका बुडत असताना प्रेक्षक हजर होते! ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण शोभणारी ‘ऑलिंपिक’ बोट न्यूयॉर्कहून येत असता मदतीला धावली होती. तिच्यावरच्या उतारूंत अमेरिकनही होते आणि त्यांच्याजवळ कॅमेरे होते. बोट काही दिवस आयर्लंडच्या खाडीत अडकवून ठेवली; पण माणसांची तोंडे कायमची कशी बांधणार? १४ नोव्हेंबर १९१४ रोजी फिलाडेल्फियाच्या ‘पब्लिक लेजर’ने बातमी छापली. त्याच महिन्यात जर्मनांनाही सुगावा लागला. इंग्लंडात मात्र बुडालेली ‘ऑडेशस’ कागदोपत्री तरंगतच राहिली.

‘टाइम्स’मध्ये ती अखेर सापडते १४ नोव्हेंबर १९१८ च्या अंकात, फिलाडेल्फियाच्या बातमीनंतर बरोबर चार वर्षांनी, शस्त्रसंधी होऊन तीन दिवस झाल्यावर. आरमार खात्याचे ते छोटेसे निवेदन. विलंबाने केलेली घोषणा, असेच त्याला म्हटले आहे. नौका सुरुंगाने बुडाली. सेनापतींच्या निकडीच्या विनंतीवरून हे गुप्त ठेवले. वृत्तपत्रांनी निष्ठेने मौन पाळले, एवढाच त्यातला मतलब.

जेलिकोंना दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. पहिले काही आठवडे लपवण्याला अर्थ होता. पुढे जर्मन सेनापती शेअर यांनीदेखील, शत्रूला आपले उणे न दाखवण्याचे हे धोरण योग्यच म्हटले. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या चार वर्षांचा. अमेरिकेने वाचले, जर्मनीने जाणले. मग गुपित राखले ते कोणापासून? ज्यांची मुले त्या आरमारात होती, ज्यांच्या पैशांतून ती नौका बांधली गेली, त्या घरच्या वाचकांपासूनच ना? शत्रूसाठी ओढलेला पडदा शत्रूपुढून कधीच सरकला होता; तो उरला तो फक्त स्वकीयांच्या डोळ्यांवर. आणि सरकारी कागदावर एक बुडालेली नौका तरंगते असे एकदा कानी आले, की त्याच कागदावरच्या खऱ्या नौकांवर तरी विश्वास का ठेवावा?

असो. जुन्या अंकांत बातमी न सापडणे हाही एक पुरावा असतो. अशा वेळी घटना कधी घडली एवढे विचारून भागत नाही. ती छापायची मोकळीक कोणाला, कोठे आणि कधी मिळाली, हेही विचारावे लागते. ‘ऑडेशस’च्या बाबतीत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत, आणि त्या दोहोंमध्ये अख्खे महायुद्ध होऊन गेले आहे.